मालकाच्या उजव्या हाताची जागा

दिवा लावू नकोस रे रय्यान, अंधारातच ऐका. आणि दुआ, रात्री झोप नाही लागली तर आईकडे माझं नाव सांगायचं नाही. ही रचलेली गोष्ट नव्हे. आमच्या म्हसळ्याच्या हुसेनमियाँवर गुदरलेली आहे.

दहा नोव्हेंबर दोन हजार बावीस, गुरुवार. रात्रीची इशाची नमाज उरकून हुसेनमियाँ सौदीतल्या बुरैद्याच्या बाजारातून वेलची घेऊन आला. खजुराच्या एका बड्या व्यापाऱ्याकडे तो कहवा, म्हणजे अरबी कॉफी, वाढायचा. दर गुरुवारी मालकाची मजलिस, म्हणजे बैठक, भरे, त्या दिवशी कहव्याला वेलची ताजीच लागे.

दुआ, तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात ते राजे आहेत ना, सरदारांना महालात आणून ठेवणारे? तसाच हा मालक. बापाच्या वेळचे पाच मॅनेजर रियाध, जेद्दा, दम्मामला आपापल्या शाखेत वाघ होते. शिक्के त्यांच्याकडे, माणसं त्यांची. या पठ्ठ्याने कुणाला दुखावलं नाही. मोठ्या मानाने सगळ्यांना बुरैद्याला बोलावलं, आपल्या आवारात एकेकाला घर दिलं आणि शिक्के स्वतःच्या कपाटात टाकले. शाखांवर आपल्या शब्दाबाहेर न जाणारी नवी माणसं बसवली. आवारातली गाडीसुद्धा त्याच्या हुकमाशिवाय हलेना. मग मॅनेजरांना उरलं काय? मालकाच्या जवळ कोण बसतो आणि कहवा आधी कुणाला मिळतो, यावरून धुसफुसायचं. कोण आलं नाही, कोण काय बोललं, हे मालकाच्या कानावर घालायचा आमचा हुसेनमियाँ. कहवा वाढणाऱ्याला मॅनेजर आधी सलाम करायला लागले, मग काय, स्वारी हवेत!

मालकाच्या उजव्या हाताला त्या पाचांपैकी इस्मतभाई बसत. दापोलीचे, बायको नबीला भाभी तिकडे गावीच. हुसेनमियाँचा व्हिसा त्यांनीच काढून दिलेला. पण एकदा चारचौघांत ते त्याला चहाडखोर म्हणाले, ते त्याच्या मनात सलत राहिलं.

त्या दहा तारखेच्या आदल्या गुरुवारी त्यांनी त्याला घरी बोलावलं. सदरा पाठीवर घामाने भिजलेला.

"हुसेन, छातीत दुखतंय रे. मालकांना सांग, गाडी पाठवा म्हणावं. दवाखान्यात जायला हवं."

"सांगतो, भाई."

मजलिशीत मालकाने विचारलं, "इस्मत कुठाय?"

हुसेनमियाँ म्हणाला, "ठाऊक नाही."

"जो मला दिसत नाही, तो माझा नाही," मालक म्हणाला. खलास! कुणाची उठून बघायची छाती झाली नाही. पहाटे इस्मतभाई आपल्या घराच्या दाराशीच गेलेले सापडले. त्यांना माती देताना हुसेनमियाँ ढसाढसा रडला. लोक म्हणाले, केवढा जीव होता याचा! ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ती दहा तारीख. पावणेबाराला मजलिस उठली. मालक आत गेला. हुसेनमियाँ एकटाच कप गोळा करत होता.

मालकाच्या उजव्या हाताच्या जागेवरून एक कप पुढे आला.

हात सवयीचा. त्याने कहवा ओतला. कप रिकामा होऊन पुन्हा पुढे आला. त्याने पुन्हा ओतला. तिकडची रीत ठाऊक आहे ना? पाहुणा कप हलवत नाही, तोवर ओतत राहायचं.

कप हलेना…

मग त्याच्या लक्षात आलं. सगळे तर गेलेत.

मान वर करवेना. बाही दिसली. बोटं दिसली. ओळखीची.

त्याने ओतलं. पुन्हा ओतलं…

"भाई… तुम्ही सांगितलं होतं. मीच बोललो नाही."

कप तसाच.

"मालकांना सांगतो."

तसाच…

"नबीला भाभींना फोन करतो. खरं काय ते सांगतो… माझ्यामुळे गेलात, असं सांगतो."

कप हलला. दोनदा.

वर बघितलं, तर कुणी नाही.

काय म्हणालीस दुआ? केला का फोन?

…

नाही केला. अजून नाही. नंबर लावतो, पलीकडून "कोण?" ऐकू आलं की कापतो. त्या बाईला वाटतं, नवरा झोपेत सुखाने गेला.

बुरैद्याची हवा अशी की ओला सदरा घटकेत कडकडीत वाळतो. उजव्या हाताचा तो तक्क्या मालकाने तीनदा बदलला. पण दर शुक्रवारी सकाळी नव्या तक्क्यावर माणसाच्या पाठीएवढा ओला डाग असतो. हुसेनमियाँने एकदा हात लावून बघितला. कोमट होता. घामाचा.