हौद्यातली ओल

चक्कीवर दळण आणायला गेले, तेव्हा गोदाबाई रुख्मिणीच्या कानाशी लागून सांगत होती, "सागरच्या गाडीतून जे गळते ना व, थे साधं पानी नाही. थे त्याच्या बापाचं..."

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली आणि वाक्य तिथंच राहिलं.

"बापाचं काय?" मी विचारलं.

"काई नाई व मैनाबाई. तुमची भिंत त्याईच्या भिंतीले लागून. तुमालेच ठाव असंन."

रुख्मिणी पदरात हसली. आता खरं सांगायचं तर गल्लीतलं मला जरा जास्तच ठाऊक असतं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून रुसली, सगळं. पण हे ठाऊक नव्हतं, आणि तेच जिवाला लागून राहिलं.

किसनभाऊ आमचे शेजारी. पातूरच्या बाहेर त्यांचा भाजीचा मळा. मागच्या वैशाखात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात त्यांना जनावर चावलं. उन्हाळ्यात ओलाव्याला साप येतोच. मुलगा सागर, त्यानं आपल्या पिकअपच्या हौद्यात ओलं पोतं अंथरून बापाला निजवलं, माय, सत्यभामावहिनी, जवळ बसली, आणि गाडी अकोल्याकडे पळवली. किसनभाऊ दवाखान्यात पोचले, पण वाचले नाहीत. तेव्हापासून सागर आणि सत्यभामावहिनी एका घरात राहत होते, पण बोलणं कामापुरतं. भिंतीपलीकडून भांड्यांचाच आवाज यायचा.

आणि या उन्हाळ्यात गाडी गळायला लागली. हौद्यात कुठूनशी ओल धरायची, रचलेला माल खालून भिजायचा. अमरावतीच्या बाजारात पोचेस्तोवर सांभाराच्या जुड्या काळ्या पडून चिकट व्हायच्या. व्यापाऱ्यानं शेवटी सांगून टाकलं की ही गाडी पुन्हा माझ्या दारात नको.

दळणाचा डबा कमरेवर घेऊन मी गल्लीत आले तर दुपार टळटळीत झाली होती. गल्लीत चिटपाखरू नाही. सागरची गाडी दारापुढे उन्हात उभी, हौदा रिकामा, मागचा फाळका खाली सोडलेला. आणि त्या शांततेत आवाज येत होता. टप्... टप्... धूळ काळी पडत होती.

सागर ओट्यावर डोकं धरून बसला होता.

"काय गा सागर, जेवला नाही?"

"उद्या धामणगावचा गिऱ्हाईक येऊन राहिला, काकू. गाडी देऊन टाकतो."

"अन् मंग मळा?"

"गाडी गेली का मी बी जातो. चाकणले दोस्त हाय कंपनीत."

"अन् माय?"

त्यानं पायाजवळचा खडा गाडीकडे भिरकावला.

मला ते ऐकवेना. किसनभाऊंनी लावलेला मळा, आणि त्या घरात एकटी बाई. मी डबा खाली ठेवला. "उद्याचं उद्या. आधी हे गळते कुठून, थे पाहू."

"शेखर मेकॅनिकनं सारं पायलं, काकू. झाळ मारली, मॅट बदलली. टाकी बाजूले हाय, नळी नाही, काई नाही. हौदा म्हंजे नुसता पत्रा."

मी थेंबाखाली हात धरला. पत्रा असा तापलेला की बोट टेकवत नव्हतं, आणि त्यातून पडणारा थेंब मात्र माठातल्यासारखा गार. वास घेतला. डिझेल नाही, ऑइल नाही. नुसता ओल्या मातीचा वास. अंगावर काटा आला, पण माझा स्वभाव असा की अर्ध्यात सोडवत नाही.

घरात उंदराची वाट सापडत नसली की आम्ही बाया जमिनीवर पीठ भुरभुरतो. पाय कुठून कुठं गेले ते सकाळी दिसतं. मला तेच सुचलं. सागरनं कापडानं हौदा कोरडा पुसला, आणि मी डब्यातलं ज्वारीचं पीठ मूठमूठ घेऊन साऱ्या पत्र्यावर भुरभुरलं. पांढरंशुभ्र झालं. मग आम्ही दोघं ओट्यावर सावलीत बसलो. वारा पडलेला. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. सागरनंच माझ्या दंडाला हात लावला.

"काकू... पाहा."

पिठात एक ओला गोल उमटला होता. बाटलीच्या बुडाएवढा. वरून काही पडलं नव्हतं, खालूनही नाही. पीठ आपोआप भिजत गेलं, जशी एखादी गळकी बाटली तिथं ठेवलेली असावी...

आणि त्या गोलाच्या अलीकडे चार रेघा उठल्या. हळूहळू. बोटांच्या. कुणीतरी आडवं निजून हात लांबवावा, तशा त्या गोलाकडे सरकत गेल्या.

बोटं पोचणार, तेवढ्यात गोल पुढे सरकला. केबिनच्या बाजूला.

पुन्हा बोटं ओढली गेली. पुन्हा गोल सरकला.

"तुमी काई केलं का, काकू?" सागरनं विचारलं.

"मी तर तुयाजवळ बसली, बाबा..."

केबिनलगतच्या कोपऱ्यापर्यंत गोल गेला आणि थांबला. बोटांच्या रेघा अर्ध्या वाटेवरच राहिल्या. त्यांच्या मागे पिठात गाल टेकल्यासारखा खळगा पडला होता.

"त्या कोपऱ्यात मी बसली होती."

मागून आवाज आला. सत्यभामावहिनी दारात उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही.

"माय, तू आत जाय," सागर म्हणाला.

"अकोल्याच्या वाटेनं कापशीचं तळं दिसलं तसं हे म्हणे, सत्यभामा, एक घोट दे." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला सांगत नव्हत्या. "बाटली माह्या मांडीशी होती. पान्यानं जहर चढते म्हनतात ना, मैनाबाई? सारेच म्हनतात ना?"

म्हणतात. आमच्याकडे लहानपणापासून हेच ऐकलंय.

"त्याईनं हात लांबवला का मी बाटली सरकवो. लांबवला का सरकवो. मले वाटलं, वाचवून राहिली मी..."

"डॉक्टर म्हणे," सागर खाली बघत म्हणाला, "दोन घोट दिले असते तरी काई बिघडलं नसतं. जहर आधीच चढलं होतं. मायनं थे ऐकलं, अन् तिथंच खाली बसली. म्हून मी लोकाइले सांगतलं, पानी म्याच नाई देऊ देल्लं. मले तर मागचं काई ऐकूच आलं नव्हतं, काकू. मी सारखा हॉर्न वाजवत होतो."

वहिनी आत गेल्या आणि माठातून तांब्या भरून आल्या. सागरनं अडवलं नाही. त्या हौद्यात चढल्या, त्याच कोपऱ्यात बसल्या, आणि तांब्या त्या बोटांच्या टोकाशी नेऊन ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता घ्या ना..."

गळण्याचा आवाज थांबला होता.

मग तांब्या हलला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुणी हात न लावता, पिठात घासत, सावकाश, तो वहिनींच्या गुडघ्याकडे परत सरकला. त्यांनी पुन्हा पुढे ठेवला. तो पुन्हा परत आला.

"नको म्हनून राहिले..." वहिनी म्हणाल्या.

"तुले पी म्हनून राहिले, माय," सागर म्हणाला. मायशी वर्षभरात इतक्या मायेनं तो पहिल्यांदाच बोलला असेल. त्यांनी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला.

गाडी विकली नाही. धामणगावच्या गिऱ्हाइकाला सागरनं फोनवरच नाही म्हटलं. हौदा आता कोरडा खडखडीत असतो, माल अमरावतीला हिरवागार पोचतो. मायलेक एका ताटाला जेवतात. सागरनं मला मात्र हात जोडून सांगितलं, "काकू, जे ऐकलं थे बाहेर नका सांगू. लोकं मले बोलतात, बोलू द्या."

परवा गोदाबाई लिंबू मागायला आली आणि ओट्यावर टेकली. मी विचारलंच, "त्या दिवशी चक्कीवर काय सांगत होती व? बापाचं काय?"

"थे पानी बापाचं होतं म्हनतात. मरतानी मागलं अन् पोरानं देल्लं नाई, थेच गळत होतं. खरं काय?"

जन्मात पहिल्यांदा मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं.

"अर्धं खरं आहे," मी म्हटलं.

"कोनतं अर्धं?"

मी लिंबू काढायला उठले. भिंतीपलीकडे वहिनी तांब्या बुडवत होत्या. घटाघटा पिण्याचा आवाज. पुन्हा तांब्या बुडाला. सागर आता दिवसातून कितीदा तरी माठ भरतो. डॉक्टरला दाखवलं, साखर नाही, काहीच नाही.

"कोन पिऊन राहिलं व इतकं?" गोदाबाईनं विचारलं.

सकाळीच मी वहिनींना जवळून पाहिलं होतं. तांब्या नुकताच तोंडाचा काढला होता, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं... आणि ओठ फुटून रक्त आलेलं, आतून जीभ पांढरी, कोरडी ठणठणीत.