संतपूरच्या माळावरची पांढरी खूण

१९५३ च्या पौषात संतपूरच्या माळावर उतरताना माणिकचं छोटं विमान दक्षिणेच्या ओढ्यात आदळलं. माणिक जागीच गेला. माळावर खुणा मांडणाऱ्या राखणदार गुरप्पाला धरायला फौजदार निघाले होते, म्हणून त्यानं गुलबर्ग्याहून जयतीर्थांना बोलावलं. हे जयतीर्थ खासगी तपास करीत. सोबत त्यांचे स्नेही नरहरराव होतेच. ते मोडलेल्या पंखाकडं बघत राहिले.

माळावर पांढऱ्या कापडाची लांब पट्टी होती आणि तिच्या दक्षिण टोकाला दुसरी आडवी. आडवी पट्टी वारा येतो त्या बाजूला ठेवायची; विमानानं तिच्याकडं तोंड करून उतरायचं, म्हणजे वारा समोरून येतो.

"आडवी मी उत्तरेला ठिवली व्हती, अण्णा," गुरप्पा म्हणाला. "मग गुरं हाकाया पल्याड गेलो. कोण फिरवली, देवाला ठावं."

जयतीर्थ वाकले. आडव्या पट्टीच्या मधोमध बोटभर बुक्का लागला होता. चारी टोकांवर दगड नीट ठेवलेले. शेजारच्या खळ्यातलं भूस सगळं दक्षिणेला उडालं होतं.

"भूस परवा, माणिक आला त्याच दिवशी उपणलं," खळ्याचा मालक हणमंतप्पा म्हणाला. त्याचं एक शेत सरकारनं विमानांच्या या माळात घेतलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे. "माझा राग सरकारवर हाय. पोरावर कामून असंल?"

मग माणिकच्या घरी त्याची आई, सत्यभामाबाई.

"कीर्तनातून तशीच माळावर गेले. लेक यायचा व्हता ना. जागा बघितली, घरी आले." आवाजात चढ नाही, उतार नाही.

थकलेले नरहरराव ओसरीवर आडवे झाले होते. बाईंनी त्यांना उठवून उशी दुसऱ्या टोकाला ठेवली. "उत्तरेला डोकं करू नगा, राव."

अंगणात येताच जयतीर्थ हलक्या आवाजात म्हणाले, "वारा उत्तरेचा होता, भूस सांगतंय. खूण उलटी फिरली, म्हणून विमान पाठीवर वारा घेऊन उतरलं. थांबणार कसं?"

"हणमंतप्पाच!" नरहरराव म्हणाले.

"वैरी कापड पळवील, राव. दगड ठेवून नीट अंथरील कशाला? आणि विभूतीवाला बुक्का कुठून आणील? बुक्का कीर्तनातून आला. आता गुरप्पानं मांडलेली ती खूण बाईमाणसाच्या नजरेनं बघा. हात पसरून निजलेला माणूस. डोकं उत्तरेला, प्रेतासारखं."

नरहररावांनी मागं वळून उशीकडं पाहिलं.

"लेकाच्या वाटेत अपशकुन नको, म्हणून आईनं त्याला फिरवून निजवलं. कपाळाला बुक्का लावला."

मागोमाग आलेला गुरप्पा पुढं झाला. "मग कुणाला सांगू नगा, अण्णा. मीच उलटी टाकली म्हणा. मी जातो तुरुंगात."

"तू कामून जाशील रं? तुझी लेकरं लहान हायती."

सत्यभामाबाई पायरीवर उभ्या होत्या. डोळे कोरडेठक्क. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"फौजदाराला मीच सांगते. फकस्त हितं मोठ्यानं बोलू नगा. आमचे मालक आत आजारी हायती. लेकाचं विमान कवा येतंय, म्हणून इचारायलेत."