देवापुढचं लोणी

या रे बाळांनो, असे पुढे सरका. मांडी घाला, चुळबुळ बाजूला ठेवा. आज तुम्हाला चंद्रावरच्या खिरापतीची गोष्ट सांगतो. गोष्ट खुसखुशीत आहे, पण सुरुवातीला दात सांभाळा!

सन २०८०. चंद्रावर काचेच्या घुमटाखाली ऐंशी माणसांची वस्ती होती. तिथल्या पीठ-प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ अनंतआजोबा गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तनही करायचे. त्या वर्षी खिरापतीचं (कीर्तनानंतर वाटायच्या प्रसादाचं) काम त्यांच्या दहा वर्षांच्या नातीनं, मैनेनं, हट्टानं मागून घेतलं होतं. "मोठ्यांची लुडबुड नको. मी आणि ढब्बूच करणार!" ढब्बू म्हणजे घरचा यंत्रमानव.

कीर्तन पाचला. तीन वाजता पहिली नानकटाई भट्टीतून निघाली. आजोबांनी चावा घेतला. कट्! नानकटाई तशीच, आजोबांची कवळी मात्र तिच्यात रुतून बाहेर!

"अगं मैने, हे खायचं की घुमताच्या भिंतीत बशवायचं?" आजोबा बोळक्या तोंडानं बोबडले.

मैनेचे डोळे भरले. "ऐंशी माणसं येणार, आजोबा! सगळं मोजून दिलं होतं मी. ढब्बू, लोणी किती घातलंस?"

"शून्य. त्याऐवजी पाणी. वजन तंतोतंत जुळवलं."

"आणि लोणी?"

ढब्बूनं देव्हाऱ्याकडे बोट केलं. बाळकृष्णापुढे पृथ्वीवरून आलेला अख्खा डबा! "आजोबांची दोनशे बारा कीर्तनं ऐकलीत मी. लोणी देवाचं. नैवेद्याआधी हात लावणारा मी कोण?"

आजोबांनी कवळी बसवली आणि ते पोट धरून हसले. "रागावू नकोस गं. चूक झाली, पण भक्तीनं झाली."

"पण पाणी तर मऊ. मग दगड कसा झाला?"

आजोबांनी मैद्याचा गोळा भिजवून, मळून ताणला. रबरासारखा लांबला. "मैद्यात प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांचे हात धरतात आणि ग्लुटेन (चिवट, ताणली जाणारी जाळी) तयार होतं. पोळीला ते हवं, म्हणून ती लाटताना फाटत नाही. नानकटाईत मात्र तीच जाळी भाजून कडक होते."

"आणि लोणी?"

"मोहन (पिठात घालायचं तूप, तेल किंवा लोणी) पिठाच्या कणाकणाला रेनकोट घालतं. पाणी आत शिरत नाही, जाळी तोकडी राहते. म्हणून खुसखुशीत!"

"मग तेल घालू की! बाटली भरलेली आहे."

"रेनकोट तेलही घालेल. पण लोणी साखरेबरोबर फेसलं, की साखरेचे टोकदार कण त्यात बारीक बारीक हवा कोंडतात. घट्टसर लोणी ती धरून ठेवतं, पातळ तेलातून निसटते. भट्टीत ते बुडबुडे फुगतात, लोण्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते, नानकटाई हलकी होते. आणि लोण्याचा तो वास! तेल बिचारं कुठून आणणार?"

मैना देव्हाऱ्याकडे धावली. ढब्बू हात पसरून आडवा!

"आधी नैवेद्य. नैवेद्य कशाचा? नानकटाईचा. नानकटाई कशाची? लोण्याची. लोणी कधी? नैवेद्यानंतर. नैवेद्य कशाचा?..." त्याचं डोकं तापून शिटी वाजू लागली.

"चोरी होईल ती!" तो ओरडला.

"अरे शहाण्या, लोण्याची चोरी आणि ती ह्या देवासमोर सांगतोस?" आजोबा म्हणाले. पण ढब्बू हलेना. साडेतीन वाजले.

मैनेनं कुंडीतलं तुळशीचं पान लोण्यावर ठेवलं, हात जोडले. "देवा, आज नुसतंच लोणी घे." मग वळली. "झाला नैवेद्य. आता हे लोणी कुणाचं?"

"प्रसाद. सगळ्यांचा."

"हातावर वाटलं तर वितळेल. पिठात घातलं तर?"

ढब्बूनं पसरलेले हात खाली घेतले. "ऐंशी जणांना सारखं मिळेल. परात कुठंय?"

लोणी-साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत त्यानंच फेसली. पावणेपाचला घुमटभर वास सुटला. कीर्तन रंगलं, जयजयकार झाला, खिरापत वाटली. नानकटाई जिभेवर ठेवली की विरघळत होती. आजोबांनी पुन्हा हात पुढे केला. "बुवांना दोन असतात, ढब्बू. शास्त्र आहे ते."

"दोनशे बारा कीर्तनांत हे आलेलं नाही," ढब्बू म्हणाला, पण दिली.

"आजोबा, इथंच लोणी नाही करता येणार?" मैनेनं विचारलं.

"शेवाळापासून घट्ट स्निग्ध पदार्थ करायचा प्रयत्न चालू आहे. वास काही जमत नाही. तू ये उद्या प्रयोगशाळेत. नाक घेऊन ये."

लोण्याचा डबा धुताना तळाशी मैनेला एक चिठ्ठी चिकटलेली सापडली. 'लेकरांनो, पोटभर खा. भागाक्का, गारगोटी, पृथ्वी.'

तर बाळांनो, नानकटाई तोंडात विरघळेल तेव्हा देवाचं नाव घ्याच, आणि चंद्रावरच्या अनोळखी लेकरांसाठी ताक घुसळणाऱ्या त्या भागाक्काचीही आठवण ठेवा.