मानवखूण

अकराव्यांदा लिहिलेला अभिप्राय शालन तांदळेने पाठवला, आणि अकराव्यांदा पडद्यावर तीच ओळ उमटली : ‘अभिप्राय अमान्य. मजकूर मानवी नाही.’

प्रयोगशाळेच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. शालनने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं सरकारी पाणी तपासण्यात घालवलेले, आम्लाचे डाग पडलेले हात होते ते. हा मजकूर त्याच हातांनी टाइप केला होता, आणि सरकार म्हणत होतं की हे माणसाचं लिहिणं नव्हे.

संध्याकाळी पाच वाजता वडजाई तलावाची झडप उघडणार होती. नव्या नळयोजनेचं पाणी पिंपळदरीसह बावीस गावांत जाणार होतं. टँकर परवाच बंद झाले होते. तलावावर मात्र नीलहरित शैवालाची हिरवी साय धरली होती, आणि त्या शैवालाचं विष शालनला पाण्यात सापडलं होतं, मर्यादेच्या अडतीस पट. हे विष थेट यकृतावर जातं आणि त्याचा पहिला घाव लहान मुलांवर बसतो. तिने नमुना तीनदा तपासला होता.

झडपेचा प्रस्ताव ‘लेखनिक’ने तयार केला होता. लेखनिक म्हणजे सरकारी टिप्पण्या आणि अहवाल लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. गेल्या सात वर्षांच्या अहवालांवरून त्याने झोकात लिहिलं होतं, ‘पाणी पिण्यास योग्य’. शालनचा आकडा आधीच्या कुठल्याच आकड्याशी जुळेना, म्हणून त्याची रवानगी ‘उपकरणदोष’ या सदरात झाली होती.

अशा चुका होणार हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं, नाही असं नाही. जबाबदार वापराचा कायदा सांगत होता की यंत्राच्या प्रस्तावावर अधिकाऱ्याने स्वतःच्या शब्दांत अभिप्राय द्यायचा. आळशी अधिकारी तो अभिप्रायही यंत्राकडूनच लिहून घेतील, म्हणून ‘मानवखूण परीक्षक’ नेमलेला होता. तोही एक प्रोग्रामच. मजकूर माणसाचा आहे असं त्याला ऐंशी टक्के वाटलं की मानवखूण उमटायची. आणि जुन्या सरकारी रिवाजाप्रमाणे शेवटी एक ओळ होतीच : तीन दिवसांत मान्य अभिप्राय न आल्यास सहमती गृहीत धरण्यात येईल. हे तीन दिवस आज पाचला संपत होते.

कायदा आला तेव्हा शालनने कार्यालयात पेढे वाटले होते. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

उपसंचालक काळसेकर नेहमीप्रमाणे हात झटकून मोकळे झाले. परीक्षकाला डावलायचा अधिकार मंत्र्यांनाही ठेवलेला नाही, तोच तर कायद्याचा गाभा आहे, असं ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिने पिंपळदरीला मावशीला फोन लावला. सखुमावशी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. अर्ध्या गावाला तिने मांडीवर घेऊन डोस पाजले होते, आणि बावीसही गावांच्या सेविका अजून तिचा शब्द मानत.

“उकळून पिऊ की गं,” मावशी म्हणाली.

“उकळून जात नाही ते, मावशी. उकळलं की उलट वाढतं.”

मावशी म्हणाली, “लोकं तहानंनं येडी झाल्यात. पण तू म्हणतीस तर म्या एका लेकराच्या तोंडाला थेंब लागू द्यायची न्हाई. बाकीच्या गावांनाबी कळवते. त्यो फोनवर सरकारी दाखला येतो ना, त्यात माणसाचं नाव नसलं तर आमची लोकं तसाबी भरवसा ठेवत न्हाईत. नुसतं ‘गृहीत’ आलं तर मी अडवून धरीन.”

शालनला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. मावशी किती दिवस अडवणार? घरात कोरडी घागर आणि अंगणात वाहता नळ. झडप बंद राहणं हाच खरा उपाय होता.

साडेतीनला राजधानीतून इरफान मुजावर पडद्यावर आला. परीक्षक त्याच्याच गटाने घडवला होता. तिचे अकराही अभिप्राय वाचून तो कपाळ चोळत बसला.

“मॅडम, परीक्षकाला माणूस ओळखायला शिकवायचं, तर माणसांनी लिहिलेलं दाखवावं लागतं. आम्ही त्याला कायद्याआधीच्या सात वर्षांतले चार लाख अभिप्राय दिले. सगळे अधिकाऱ्यांच्या सहीचे.”

“आणि ते लिहिले कुणी होते?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. त्या सात वर्षांत लेखनिकच्या कोपऱ्यात ‘माझ्या शब्दांत’ नावाचं एक बटण असे. ते दाबलं की अधिकाऱ्याचा अभिप्राय आयता तयार होई, स्वच्छ आणि सभ्य भाषेत. सगळे तेच दाबत. शालननेही दाबलं होतं. कायदा आल्यावर बटण काढून टाकलं, तेव्हा प्रत्येकाने आपापला जुना अभिप्राय जपून ठेवला आणि तारीख बदलून चिकटवायला सुरुवात केली. मागील टिप्पणीप्रमाणे, ही तर कचेरीची जन्माची सवय. परीक्षक त्या प्रत्येकावर मानवखूण उमटवी, आणि सरकार खूश होतं की शंभर टक्के अधिकारी स्वतः लिहू लागले.

“म्हणजे त्याच्या लेखी लेखनिकसारखं लिहितो तो माणूस,” शालन म्हणाली. “आणि माझ्यासारखं लिहितो तो?”

“तो कुणीतरी घुसखोर.”

परीक्षक दुरुस्त करता येईल का, असं तिने विचारलं. येईल, तो म्हणाला, पण त्यासाठी प्रस्ताव हवा, प्रस्तावावर मानवी अभिप्राय हवा, आणि तो मानवखुणेतून जायला हवा. हे सांगताना त्याची मान खाली गेली होती.

मग त्या दोघांनी मिळून लेखनिकसारखं लिहायचा खटाटोप सुरू केला. ‘हे पाणी विषारी आहे, पोरं मरतील’ याला परीक्षकाने चार टक्के दिले. ‘उपरोक्त विषयास अनुसरून पाण्याची गुणवत्ता चिंताजनक आहे’ याला एकतीस. ‘विष’ काढलं, ‘मरतील’ काढलं, ‘तातडीने’ काढलं. आकडा चढत एकूणऐंशीवर आला. घड्याळात साडेचार झाले होते. वाक्यात एकच कडक शब्द उरला होता, ‘असहमत’. तो काढला तर नव्याण्णव, ठेवला तर एकूणऐंशी.

इरफानने अभिप्रायांचा साठा तपासला आणि त्याचा चेहरा उतरला. चार लाख अभिप्रायांत तो शब्द एकदाही नव्हता. लेखनिक आपल्याच प्रस्तावावर असहमत कसा होईल? आणि त्याच्याखाली सही करणारे तरी कधी झाले होते? परीक्षक सात वर्षांच्या पुराव्यावरून एवढंच शिकला होता, की माणूस म्हणजे जो सहमत होतो.

शालन खुर्चीत मागे टेकली. गप्प बसलं तर सहमती, बोललं तरी सहमती. मग अठ्ठावीस वर्षांची नोकरी कामी आली. फाइल थांबवायची तर नाही म्हणायचं नसतं, ती दुसऱ्याच्या टेबलावर ढकलायची असते. कायद्याने एकदा तसं करता येत होतं. तिने लिहिलं : ‘सहमत. तथापि, आरोग्य विभागाचे अभिप्राय घेणे उचित राहील.’

नव्याण्णव टक्के. मानवखूण उमटली आणि झडपेपुढे ‘स्थगित’ दिसू लागलं. पुन्हा तीन दिवस मिळाले होते. पडद्यापलीकडे इरफानने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शालन उठून पाणी प्यायला गेली, आणि प्यायच्या आधी पेल्याकडे बघत राहिली.

ती परतली तेव्हा पाचला चार मिनिटं होती आणि आरोग्य विभागाचं उत्तर आलेलं होतं. तिथल्या कुणा अधिकाऱ्याने आपला जपून ठेवलेला मजकूर चिकटवला होता. ‘सहमत.’ मानवखूण, नव्याण्णव टक्के. स्थगिती उठली. दुसऱ्यांदा फाइल ढकलायची सोय कायद्यात नव्हती. तिने काळसेकरांना, झडपेच्या अभियंत्याला, आरोग्य विभागाला फोन केले. पडद्यावर मानवखूण दिसतेय ना, मग अडचण काय, असं तिघांनीही विचारलं.

पाचला झडप उघडली.

अजून मावशी आहे, असं मनाशी म्हणत शालनने फोन लावला. पलीकडे बायकांचा गलका होता आणि घागरीत पाणी पडल्याचा आवाज.

“शालन, पाणी आलं गं. अगदी येळेवर केलंस.”

“मावशी, तू अडवणार होतीस ना?”

“आडवलं की. साऱ्या गावांना आडवलं. मग दाखला आला, त्यात तुझंच नाव. ‘पाणी पिण्यास योग्य. सहमत : शालन तांदळे. मानवखूण नव्याण्णव टक्के.’ म्हनलं, पोरीनं खटपट करून पाणी शुद्ध करवून घेतलं. मीच सगळ्या सेविकांना सांगितलं, शालनचं नाव हाय, बिनधास्त भरा.”

शालन गप्प बसली असती तर दाखल्यावर ‘गृहीत’ आलं असतं, आणि बावीस गावं मावशीच्या शब्दाखातर थांबली असती.

“मावशी, ओतून टाका ते. ते मी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, पण माझं म्हणणं ते नाही. मी आत्ता सांगतेय ते खरं. सगळ्यांना सांग.”

पलीकडे बायकांचा आवाज कमी झाला. मावशीचा स्वर बदलला, जपून बोलल्यासारखा.

“बाई, गावच्या चावडीवर सरकारनं पाटी लावलीय. आवाजाला फसू नका, यंत्रं हुबेहूब आपल्या माणसाचा आवाज काढत्यात, फकस्त मानवखूण बघा म्हणून. माझ्याजवळ शालनची मानवखूण हाय. तू शालनच कशावरनं?”

शालनने लहानपणी चुलीवर भाजलेल्या कोपराची खूण सांगितली, मावशीने त्यावर लावलेली कोरफड सांगितली. मावशी ऐकत होती.

“त्यांना ते समदं ठावं असतंय म्हणं,” ती हळूच म्हणाली, आणि फोन बंद झाला.

परत लावला तर उचलला नाही. शालनने भिंतीवरची जीपची किल्ली घेतली. पिंपळदरी नव्वद किलोमीटरवर होती, आणि त्यापुढे आणखी एकवीस गावं.