कोरड्यावरची जोडीदारीण

१९८७ सालचा उन्हाळा. मे महिन्याचा तिसरा आठवडा. तळ्याकाठचं मुलींचं शिबिर उठायला आलं होतं आणि ताई दोरीवरचे टॉवेल काढत होती.

शिबिरात मुलींची देखभाल करायला ठेवलेली, म्हणून सगळ्यांची ताई. सकाळी उठवायचं, वेण्या घालायच्या, भांडणं सोडवायची, घरची आठवण काढून रडणारीला जवळ घ्यायचं. पण खरं काम पाण्याचं. एकट्या मुलीने तळ्यात उतरायचं नाही, असा तिथला कायदा. पहिल्याच दिवशी जोड्या लागत. ताईने धक्क्यावरून शिट्टी फुंकली की प्रत्येकीने जोडीदारणीचा हात धरून वर करायचा. लागलेली जोडी शिबिर उठेपर्यंत मोडायची नाही.

यंदा एका मुलीला गोवर निघाला. तिला घरी नेलं आणि तिची जोडीदारीण एकटी उरली. ही सगळ्यांत लहान. रांगेत कायम शेवटी, म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं शेपटी.

"शेपटीला कुठे जोडी असते? ती एकच असते," एक आगाऊ मुलगी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. शेपटीचे डोळे भरले.

"हिची जोडी मी," ताई बोलून गेली.

बोलली खरी, पण पाण्यात उतरली नाही. ती धक्क्यावरच उभी राहिली. शिट्टी वाजली. सगळ्यांचे हात वर झाले. शेपटीचाही झाला. तिच्या हातात कुणाचा हात नव्हता, पण बोटं वळलेली होती. अंगठा दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर टेकावा तसा टेकला होता.

वर आल्यावर ताईने तिला टॉवेलात गुंडाळलं.

"हात कुणाचा धरला होतास गं?"

"जोडीदारणीचा."

"तुझी जोडीदारीण तर मी ना?"

"तू पाण्यात कुठे येतेस? हात रिकामा होता. मग तिने धरला."

"तिने म्हणजे?"

"बोलत नाही ती. तोंडात पाणी आहे ना तिच्या..."

ताईने पुढे विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

ती स्वतः लहानपणी याच शिबिरात होती. तिची जोडीदारीण एका जागी न टिकणारी पोर. तिला सगळ्या भिंगरी म्हणत. एका दुपारी ताईच्या पायात गोळा आला आणि ती खाली जाऊ लागली. भिंगरीने खालून खांदा लावून तिला वर ढकललं. ताईचा हात धक्क्याच्या दोराला लागला. मागे वळून पाहिलं तर पाणी सपाट. पाणबुडे उतरले, गळ टाकले, तळं ढवळून काढलं. भिंगरी सापडली नाही.

भिंगरीच्या आईने आरडाओरडा केला नाही. शेजारणीकडे पातेलं परत मागावं तशा आवाजात ती ताईला म्हणाली, "तुला वर काढून ती गेली. तू तिचं देणं लागतेस. माझी पोर मला आणून दे."

ते शब्द मनात घेऊन ताई मोठी झाली. लग्नाचं बोलणं आलं, तिने मोडलं. दर उन्हाळ्याला ती इथेच कामाला येई. धक्क्यावर उभी राहून पाणी बघे. पाण्यात मात्र पाऊल टाकत नसे.

शेपटीने पाण्यात रिकामा हात वर केला त्या दिवसापासून मुलींच्या लांब खोलीत चिखलाचा वास येऊ लागला. तळाचा, कधी ऊन न लागलेला. शेपटीची चादर रोज एका बाजूने ओली. मुली चिडवायच्या, पण ओल अंथरुणाच्या कडेला होती, तिच्या अंगाखाली नव्हती. तिचा उजवा तळवा दुपारपर्यंत सुरकुतलेला राही. पुसला तरी पुन्हा ओलावे. झोपेत तो हात कॉटखाली लोंबत असे आणि बोटं वळलेली असत. ताईने एकदा तो उचलून पांघरुणात घ्यायचा प्रयत्न केला. हात उचलला गेला नाही. कुणीतरी खालून धरल्यासारखा जड होता. ताईने वाकून कॉटखाली पाहिलं नाही.

ती शिबिराच्या मोठ्या बाईंकडे गेली. स्वयंपाकाच्या मावशी तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या.

"बाई, उद्या मुलींना पाण्यात सोडू नका."

"उद्या पालक यायचेत. पोहण्याचा कार्यक्रम ठरलाय. तुला भास होतात म्हणून सगळ्यांना कोरडं बसवू?"

"निदान शेपटीला तरी नको."

"तिचे वडील मुद्दाम रजा काढून येताहेत. अगं, किती वर्षं तेच धरून बसणार आहेस?"

मावशींनी मान वर केली. "बाई, ऐका तिचं. ती पोर डाव्या हाताने जेवतेय."

"जेवतेय ना? मग झालं."

ताई बाहेर आली. शेपटी पायरीवर बसली होती. केस ओले, आणि आज तर कुणी पाण्यात गेलंच नव्हतं.

"उद्या माझ्याजवळ बसायचं. पाण्यात जायचं नाही. कळलं?"

"उद्यापर्यंत ती थांबत नाही, ताई."

"असं म्हणाली?"

"म्हणत नाही... ओढते."

ताईने तिला कडेवर घेतलं आणि संध्याकाळ होईपर्यंत खाली ठेवलं नाही. जेवणाची घंटा झाली. वाढताना दोन मुली भांडल्या, एकीने दुसरीच्या अंगावर ताट सांडलं. ताईने त्यांना सोडवायला शेपटीला बाकावर ठेवलं. वळून पाहिलं तर बाक रिकामा. लाकडावर पाण्याचा ओघळ होता. तो दाराबाहेर गेला होता.

ताई धावली. मावशी हातातला डाव तसाच घेऊन मागे धावल्या. उजेड नुकता मावळत होता. तळ्यावर वाऱ्याची एक झुळूक नव्हती. शेपटी छातीभर पाण्यात पोचली होती. उजवा हात पुढे ताणलेला, पावलं घाई नसल्यासारखी.

"शेपटे!"

तिने वळून पाहिलं नाही.

ताई धक्क्याच्या टोकापाशी थांबली. इतकी वर्षं ती तिथेच थांबत आली होती. मग तिने उडी घेतली.

उन्हाळ्यातलं पाणी, पण हाडं गोठवणारं. तिने शेपटीला कमरेला धरून मागे ओढलं. पोर इंचभरही हलेना. ताईने तिचा उजवा हात चाचपला. त्या हातात दुसरा हात होता. लहान, मऊ, घट्ट. तो ताईला सोडवेना.

"भिंगरे," ती हळूच म्हणाली. "मी आहे गं... सोड तिला."

पकड तशीच.

"हिची जोडी कोरड्यावर उभी होती, म्हणून तू आलीस ना? आता मी पाण्यात आहे. तुझी जोडी मीच. कायदा आहे तो... मोडायचा नाही."

पाण्यातून एक बुडबुडा वर आला. मग बोटं एकेक करून सैल झाली आणि त्यांनी ताईचा हात धरला.

ताईने शेपटीला मावशींकडे ढकललं. "हिला घ्या. मागे बघू नका."

मावशींनी पोरीला काठावर ओढलं आणि मग मागे बघितलंच. पाणी सपाट होतं.

सकाळी पालक आले ते पोरींना गाड्यांत घालून निघून गेले. शेपटी वडिलांच्या खांद्यावर झोपली होती. तिचा तळवा कोरडा होता. पाणबुडे उतरले. दुपारी त्यांनी हाक दिली. धक्क्याला लागूनच, जेमतेम छातीभर पाण्यात, एक देह मिळाला होता. पण तो ताईचा नव्हता. तो एका लहान मुलीचा होता. अंगावर जुन्या शिबिराचा पोशाख, विटून फाटलेला. चेहरा मात्र काल झोपल्यासारखा. मावशींनी गालाला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. अंग अजून कोमट होतं.

ताई सापडली नाही.

भिंगरीच्या आईला निरोप गेला. ती आली तेव्हा तिचे केस पांढरे झालेले होते. तिने पोरीचं तोंड पदराने पुसलं, तिला शालीत गुंडाळलं आणि कुणाला हात लावू न देता स्वतः उचलून गाडीकडे नेलं. मोठ्या बाई तिच्यामागून ताईबद्दल काही सांगू लागल्या.

"देणं फिटलं," म्हातारी म्हणाली आणि तिने गाडीचं दार ओढून घेतलं.