आट्यांची सळई का वाकली?

जी सळई अख्खी मोटार उचलते, ती पाळण्याच्या वजनाने कशी वाकेल? पण वाकली होती.

बाळ दोन महिने दवाखान्यातल्या काचपेटीत काढून कालच घरी आलं होतं. आज बारसं. यंत्राने थरावर थर देऊन छापलेल्या या नव्या घरात छताला कड्या नव्हत्या. म्हणून घरातल्या यंत्रमानवाने, धोंडूने, भिंतीतून हातभर बाहेर येतील अशा दोन सळया ठोकून त्यांवर पाळणा टांगला. रीतीप्रमाणे बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवला. बायकांनी चार झोके दिले, आणि आईने हात आडवा धरला.

"थांबा. पाळणा बोटभर खाली आलाय."

"वहिनी, मुहूर्त टळेल," आत्या म्हणाली. "तुला तर पाखरू उडालं तरी धसका."

आईने बाळ छातीशी घट्ट धरलं, दिलं नाही.

"बारा मिलिमीटरची सळई आहे. मोटार उचलते," धोंडू म्हणाला.

"ओढून तपासलीस, की वाकवून?" आबांनी विचारलं. बाळाचे आणि त्याच्या ताईचे, रेवतीचे, हे आजोबा धातुशास्त्रज्ञ होते.

"माहितीत फक्त ओढ सोसायची ताकद दिली होती," धोंडू म्हणाला.

आबांनी दहा वर्षांच्या रेवतीचं बोट सळईच्या आट्यांवर (स्क्रूला असतात तशा फिरत जाणाऱ्या खाचांवर) ठेवलं. "बाहेरून जाडी बारा. खाचेच्या तळाशी जेमतेम दहा. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनावर (तीच संख्या तीनदा घेऊन केलेल्या गुणाकारावर) ठरते. कर बघू."

"बाराचा सतराशे अठ्ठावीस. दहाचा हजार." रेवती थबकली. "म्हणजे जवळजवळ निम्मी गेली."

"शिवाय सळई वाकते तेव्हा ताण कडेला सगळ्यात जास्त. कडेलाच खाचा. तिथे ताण गोळा होतो, आणि झोक्यागणिक चीर वाढू शकते. सरळ ओढलं, तर भार सगळ्या सळईत वाटला जातो."

रेवतीने वर पाहिलं. "मग नव्या सळया उभ्या लावू. छतातून खाली. वर जाड पट्टी आणि नट. खाली कडी, म्हणजे झोका कडीतच फिरेल, सळई वाकणार नाही."

धोंडूला तासभर लागला. मुहूर्त टळला. आत्या दोन्ही कड्यांना लोंबकळून आली, मगच म्हणाली, "आण बाळाला."

"आबा, मंगळावर घरं बांधणाऱ्यांना हे माहीत असेल?" रेवतीने विचारलं.

"तू जाशील तेव्हा विचार त्यांना."

पहिल्या झोक्याला आईचा तळहात पाळण्याखालीच होता. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला तिने तो काढून घेतला आणि आत्याने बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं.