शिंगाळ्याचा उपास

खाडीच्या आतल्या डोहात शिंगाळा पिल्लं वाढवतो, हे आम्हाला त्याच सकाळी, ओहोटी लागायच्या आत सिद्ध करायचं होतं. सोमवारी गाळ उपसणारं यंत्र येणार होतं. मग डोहच उरला नसता. ताईची सहा वर्षं या माशाच्या अभ्यासात गेली होती. मोहीम तिची, होडी माझी, जाळं मामांचं. मोडता घालायचं कामही मामांकडेच.

"चाळीस वर्षं जाळं टाकतोय. त्या डोहात एक अंडं दिसलं नाही मला," ते निघतानाच म्हणाले. अधिकाऱ्यांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, म्हणून तर यंत्र येत होतं.

"अंडी तळाशी नसतातच, मामा. बाप ती तोंडात धरतो. पिल्लं मोठी होईपर्यंत दोन-दोन महिने काही खात नाही."

"काहीतरीच. पोट कुणाला चुकलंय?"

तिवरांच्या झाडीतली वाट अरुंद होत गेली. फांद्या डोक्याला घासत होत्या, आणि उघड्या मुळांवरचे खेकडे आमची चाहूल लागताच चिखलात गडप होत होते. होडी दोनदा रुतली. दुसऱ्यांदा ढकलायला उतरलो तो कमरेपर्यंत आत गेलो! ताईने दंड धरून ओढलं. एक चप्पल खाडीलाच देऊन आलो.

डोह आला. मामांनी वल्ह्याने होडीच्या फळीवर तीन ठोके दिले. आवाजाने मासे बिथरून जाळ्यात शिरतात, ही त्यांची जुनी रीत. जाळं पडलं. ओढलं. जड होतं! चार शिंगाळे. ताईने एकेकाचा जबडा उघडला. चारही रिकामे. तिचा चेहरा उतरला, आणि मला फार वाईट वाटलं.

चौघांना सोडून मी जाळं झटकायला घेतलं. एका गाठीत गोटीएवढं पिवळसर काहीतरी अडकलं होतं. आत दोन काळे डोळे होते.

"अंडंच आहे," ताई हळूच म्हणाली. "घाबरला की बाप थुंकून टाकतो."

मामा हातातल्या वल्ह्याकडे बघत राहिले.

पाणी उतरू लागलं होतं. "निघू या," मी म्हणालो.

"एकदाच," मामा म्हणाले. या वेळी फळीवर ठोका नाही. त्यांनी जाळं अलगद पाण्यात सोडलं. आम्ही श्वास रोखून बसलो. एकच मासा आला. मामांनी त्याला पाण्यातच दोन्ही हातांनी धरलं. काटा तळव्यात घुसला. हात सुटला नाही! ताईने जबडा जरासा उघडला. आत अंडी दाटीवाटीने बसली होती. तिने भराभर फोटो काढले.

मासा पेटीत घालून अधिकाऱ्यांपुढे न्यायचं ठरलं होतं. मी झाकण उघडलं.

"नको," मामा म्हणाले. "फोटो आहेत. आणि सांगायला मी येतो." त्यांनी हात सैल केले.

परतताना त्यांचा तळवा टम्म सुजला होता, म्हणून वल्हं माझ्याकडे आलं. चुकून ते फळीवर आपटलं.

"हळू रे," मामा म्हणाले. "तो उपाशी आहे."